नथीची सावली पुसू नका : पोर्ट्रेट रिटचिंगचा क्रम

लग्नसराई सुरू झाली की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या स्टुडिओत रात्री अकरापर्यंत दिवे असतात. एका लग्नाचे दीड-दोन हजार फोटो कार्डावर येतात. त्यातल्या पन्नास-साठ फोटोंत चेहरा मोठा असतो आणि ते अल्बमच्या पानावर किंवा भिंतीवर जाणार असतात. हे फोटो हातानंच रिटच करावे लागतात, म्हणजे उजेड-रंग बसवून डाग साफ करावे लागतात. गेल्या वर्षी कामाला आलेला एक मुलगा अशा एका फोटोला दीड तास घ्यायचा. हातात सफाई होती, नजरही चांगली होती, तरी दीड तास. म्हणून एका संध्याकाळी त्याच्या मागं खुर्ची टाकून बसलो आणि काही न बोलता बघत राहिलो.

त्यानं फोटो उघडला, ३०० टक्के झूम केला आणि थेट गालावरच्या पुटकुळीपासून सुरुवात केली. वीस मिनिटं एकेक डाग काढला. मग झूम आउट केल्यावर फोटो अंधारा वाटला, म्हणून उजेड वाढवला. उजेड वाढल्याबरोबर मघाशी न दिसलेले डाग वर आले. परत आत. मग रंग पिवळट वाटला, तो बदलला; तसे आधी भरलेले ठिपके वेगळे दिसायला लागले. शेवटी क्रॉप केला आणि दहा मिनिटं घासून साफ केलेला खांदा फ्रेमच्या बाहेर गेला.

एकच काम तीन-तीनदा होत होतं, कारण क्रम उलटा होता. आज तोच मुलगा तसाच फोटो पंधरा मिनिटांत करतो. त्याच्या हाताचा वेग वाढलेला नाही. काय कशानंतर करायचं, एवढंच बदललं.

आधी मोठं, मग बारीक

कोल्हापूरला कलापूर म्हणतात. बाबूराव पेंटरांसारखा माणूस इथं तैलचित्रं रंगवता रंगवता सिनेमाकडं वळला आणि त्यानं कॅमेराही स्वतः तयार केला; रंगाची नजर आणि भिंगाची नजर या गावात एकाच घरात वाढली. पोर्ट्रेट रंगवणारा माणूस पापणीपासून सुरुवात करत नाही, हे इथं चित्रकलेच्या वर्गात जाणाऱ्या पोरालाही माहीत असतं. तो आधी समोरच्याकडं डोळे किलकिले करून बघतो. बारकावे विरतात, उजेडाचे आणि सावलीचे मोठे तुकडे तेवढे उरतात. ते कॅनव्हासवर नीट बसले की मग नाक, ओठ, आणि अगदी शेवटी बुबुळातला चमकता ठिपका. रिटचिंगचा क्रम हाच आहे. संपूर्ण फ्रेमचा उजेड आणि रंग आधी, मग चेहऱ्याचे भाग, मग डाग, मग कातडीवरचा उजेड-सावलीचा सूक्ष्म खेळ.

फिल्मच्या काळात हे शिकवावं लागत नव्हतं, कारण चूक महाग होती. निगेटिव्ह रिटच करण्याची कला जुनी आहे. म्युनिकच्या फ्रांझ हान्फस्टेंगल यांनी १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात रिटच केलेली निगेटिव्ह दाखवली होती. खालून उजेड येणाऱ्या दुधी काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखी टोक केलेली शिसपेन्सिल चालवायची. प्रिंटमध्ये काळी दिसणारी सुरकुती निगेटिव्हवर पारदर्शक असते. तिथं पेन्सिलीचा हलका थर दिला की उजेड अडतो आणि प्रिंटमध्ये ती सुरकुती उजळते. उलट, काही गडद करायचं असेल तर पात्यानं इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्र धरणारा थर, खरवडायचं. हात घसरला तर निगेटिव्ह गेली. त्यामुळं ती माणसं पेन्सिल टेकवण्याआधी बराच वेळ नुसती बघायची. आता केलेलं मागं घेणारं अनडू आहे म्हणून आपण बघण्याआधीच हात घालतो आणि तिथंच अर्धा तास जातो.

फोटो उघडण्याआधी

पहिली चाळणी वेगानं करायची: डोळे मिटलेले, फोकस हुकलेला, हललेला फोटो बाद. दुसऱ्या फेरीत एकसारख्या चार फोटोंतला एक. ही यादी ग्राहकाला दाखवून त्यांनी निवड पक्की केल्याशिवाय रिटचला हात लावायचा नाही. आपल्याला आवडलेला फोटो रात्री बसून सुंदर करायचा आणि सकाळी नवरीच्या आईनं दुसराच निवडायचा, हे प्रत्येक स्टुडिओत घडतं.

मग फोटो कुठं जाणार ते विचारायचं, आणि इथं थोडं गणित करायलाच हवं. छपाईला साधारण एका इंचात ३०० पिक्सेल धरतात. १२ बाय ३६ इंचांचं उघडलेलं अल्बमपान म्हणजे ३६०० बाय १०८०० पिक्सेल. त्यावरच्या ग्रुप फोटोत एक चेहरा जेमतेम इंचभर येतो, म्हणजे ३०० पिक्सेल. तिथं कातडीची छिद्रं दिसतच नाहीत, मग पंधरा पाहुण्यांच्या पुटकुळ्या काढत बसण्यात अर्थ नाही. तोच नवरीचा फोटो १२ बाय १८ ची फ्रेम होऊन दिवाणखान्यात लागणार असेल तर चेहरा सहा-सात इंचांचा, म्हणजे २००० पिक्सेलचा होतो. वेळ द्यायचा तो याला. पासपोर्ट आणि ओळखपत्राच्या फोटोत चेहऱ्याला हात लावायचाच नाही. तो फोटो माणूस ओळखायला असतो.

आणखी एक गोष्ट, जी कुणी मनावर घेत नाही: स्क्रीन. 'प्रिंट काळी आली' ही तक्रार बहुतेक वेळा लॅबमध्ये नाही, आपल्या टेबलावर सुरू होते. स्क्रीन पूर्ण उजेडावर ठेवून काम केलं की फोटो उजळ आहे असं वाटतं आणि आपण तो गडदच सोडतो. स्क्रीनचा रंग आणि उजेड मोजून बसवणारा कॅलिब्रेटर घ्या, विकत जमत नसेल तर दोघा-तिघांत मिळून घ्या. रंगाचं तापमान ६५०० केल्विन, गॅमा २.२, आणि उजेड चौरस मीटरला १०० ते १२० कँडेलाच्या आसपास. खोलीत एकच स्थिर दिवा ठेवायचा. खिडकीतून दुपारी ऊन आणि रात्री ट्यूबलाइट असेल तर त्याच फोटोबद्दल दोन वेळा दोन मतं होतात.

हळदीचा पिवळा, साजाचा पिवळा

आता एका नवरीचा फोटो घेऊ. आदल्या दिवशी हळद लागलेली, कपाळावर मुंडावळ्या, नाकात मोत्यांची नथ, गळ्यात कोल्हापुरी साज. अशा फोटोत निम्मं काम रॉ फाइलवरच, म्हणजे कॅमेऱ्यानं साठवलेल्या कच्च्या मूळ नोंदीवरच, संपायला हवं. कॅमेऱ्याची १४ बिटची रॉ प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या साठवू शकते. जेपेगमध्ये २५६ उरतात. रंग आणि उजेड मोठ्या प्रमाणात हलवायचे तर पायऱ्या भरपूर असतानाच हलवावेत. नाहीतर गालावरच्या उतारावर पट्टे दिसतात.

पहिला प्रश्न हळदीचा. चेहरा पिवळा दिसतो म्हणून नवखा माणूस व्हाइट बॅलन्सची, म्हणजे पांढरं पांढरं दिसावं म्हणून रंग जुळवण्याची, पट्टी निळ्याकडं ओढतो. चेहरा सुधारतो, पण अंतरपाटाचं पांढरं कापड निळसर होतं आणि मागचे सगळे पाहुणे थंडीत काकडल्यासारखे दिसतात. पिवळेपणा उजेडात नसतो, तो नवरीच्या कातडीवर असतो. म्हणून व्हाइट बॅलन्स उजेडावरूनच ठरवायचा: मांडवात गेल्या गेल्या ग्रे कार्डचा, म्हणजे रंगछटा नसलेल्या राखाडी पुठ्ठ्याचा, एक फोटो काढून ठेवावा, नंतर त्यावर एक क्लिक पुरते. कार्ड नसेल तर अंतरपाटाचं कापड घ्या. मोती घेऊ नका, त्यांना स्वतःची गुलाबी-पिवळी छटा असते.

उजेड ठरला की हळदीकडं वळायचं. पिवळा थोडा नारिंगीकडं ढकलायचा आणि त्याचा भडकपणा जरासा उतरवायचा. इथं फसगत होते, कारण साजाचं सोनंही त्याच पिवळ्यात बसतं. सगळ्या फ्रेमचा पिवळा उतरवला तर साजातली मासा-कासवाची नाजूक पानं पितळी होऊन जातात, आणि ज्या घरानं ते सोनं हौसेनं केलंय त्यांना ते पहिल्या नजरेत कळतं. म्हणून हा बदल फक्त कातडीच्या मास्कवर करायचा; मास्क म्हणजे बदल ठरावीक भागापुरताच लागू करणारा पडदा. हल्ली लाइटरूम हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर चेहऱ्याची कातडी आपोआप निवडून देतं. मान आणि हात आपण जोडायचे, कारण हळद तिथंही असते. हळद पूर्ण घालवायची नाही. ती लग्नाची निशाणी आहे, थोडी राहू द्यावी.

याच वेळी क्रॉप, याच वेळी फोटो सरळ करणं. हे झालं की त्याच जागी, त्याच उजेडात काढलेल्या बाकी फोटोंना तेच बदल सिंक करायचे, म्हणजे एकदम लागू करायचे. जागा किंवा दिवा बदलला की नवा गट. पन्नास फोटोंचे पाच-सहा गट होतात, आणि रंगाचं काम पन्नास वेळा करायच्या ऐवजी पाच-सहा वेळा होतं. सगळ्यात जास्त वेळ इथं वाचतो.

रफू आणि ठिगळ

आता फोटो फोटोशॉपमध्ये. मूळ थराला हात लावायचा नाही. त्यावर एक रिकामा लेयर, म्हणजे पारदर्शक थर, घ्यायचा, ब्रशला 'करंट अँड बिलो' वरून, म्हणजे हा आणि खालचे थर मिळून, नमुना घ्यायला सांगायचं, आणि सगळी दुरुस्ती त्या रिकाम्या लेयरवर. १९९४ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले, त्याआधी फोटोशॉपमध्येही निगेटिव्हसारखंच एकाच थरावर घासावं लागायचं. ती सोय असताना ती न वापरणं म्हणजे निष्कारण धोका.

क्लोन स्टॅम्प आणि हीलिंग ब्रश यांत नवीन मुलं गोंधळतात. क्लोन म्हणजे ठिगळ: तिकडचं कापड कापून इकडं लावलं, रंगासकट. हीलिंग म्हणजे रफू: तिकडचा पोत घेतला आणि इथल्या रंगात, इथल्या उजेडात विणून टाकला. मोकळ्या गालावर रफू सुरेख बसतो. पण कडेजवळ तो घात करतो, कारण तो आजूबाजूचा रंगही विणून घेतो. मुंडावळ्यांच्या सरीशेजारी पुटकुळी असेल आणि तुम्ही हीलिंग चालवला, तर मोत्यांचा पांढरा रंग कातडीत दुधासारखा पसरतो. तिथं आधी सर सोडून फक्त कातडी सिलेक्ट करायची, किंवा बारीक ब्रशनं ठिगळ लावायचं.

काय काढायचं? माझी कसोटी साधी आहे: पंधरा दिवसांनी जे तिच्या चेहऱ्यावर नसेल ते जाऊ द्या. पुटकुळी, थ्रेडिंगनं आलेला लालसरपणा, नाकावर सांडलेले कुंकवाचे कण, पापणीला चिकटलेली अक्षता. केसांत अडकलेल्या अक्षता मात्र मी ठेवतो; त्या दिवशी त्या तिथं होत्या. तीळ, जुना व्रण, गोंदण हे माणसाचं आहे, ते मागितल्याशिवाय काढायचं नाही. तालमीतल्या पैलवानाचा फोटो आला तर मोडलेला, सुजून घट्ट झालेला कान जसाच्या तसा. लाल मातीत वर्षानुवर्षं घासून तो कान झालेला असतो, आणि पैलवान तो अभिमानानं मिरवतो.

आणि नथ. नथीच्या मोत्यांची सावली वरच्या ओठावर आणि गालाच्या कडेला पडते. छोटी, गडद, अर्धगोल. ३०० टक्के झूममध्ये ती सावली अगदी डागासारखी दिसते. त्या मुलानं ती पुसली होती. आत असताना काम स्वच्छ दिसलं. बाहेर आल्यावर नथ चेहऱ्यापासून सुटून हवेत तरंगायला लागली, वरून चिकटवल्यासारखी. दागिना अंगावर आहे हे आपल्याला सावली सांगते. साजाखालची मानेवरची सावली, कानामागची, पदराखालची, सगळ्यांचं तेच. म्हणून कुठलीही गडद जागा पुसण्याआधी झूम बाहेर घेऊन बघायचं की ही कशाची सावली आहे. डाग काढताना १०० टक्क्यांच्या पुढं जाऊ नका, आणि दर दोन-तीन मिनिटांनी पूर्ण फ्रेम बघा.

पोत वेगळा, रंग वेगळा

फ्रिक्वेन्सी सेपरेशन या नावाला लोक घाबरतात. भिंतीचा गिलावा आणि त्यावरचा रंग वेगवेगळे करता आले असते तर, एवढीच ती कल्पना. खालच्या थरात फोटो धूसर करून फक्त रंग आणि उजेड ठेवायचे, वरच्या थरात छिद्रं, लव, बारीक रेषा असा नुसता पोत. खालच्या थरावर कपाळावरचा घामाचा चकाकता डाग मऊ करता येतो आणि वरचा पोत शाबूत राहतो. मी ते तेवढ्यापुरतंच वापरतो. खालचा थर जरा जास्त पुसला की चेहरा मेणाचा होतो, आणि मेणाचा चेहरा ग्राहकाला लगेच खुपत नाही, वर्षभरानं अल्बम उघडल्यावर खुपतो.

खरं काम डॉज आणि बर्नचं, म्हणजे उजळ करणं आणि गडद करणं. दोन कर्व्ह्ज लेयर घ्यायचे, एक उजळणारा, एक गडद करणारा, दोघांचे मास्क काळे, म्हणजे सुरुवातीला दोन्ही झाकलेले. पांढऱ्या मऊ ब्रशनं, फ्लो, म्हणजे ब्रशमधून सुटणारा रंग, दोन-तीन टक्क्यांवर ठेवून, हवं तिथंच उघडत जायचं. डोळ्याखालची छाया किंचित उजळ, गालावरचा अनावश्यक चमकता ठिपका किंचित गडद. निगेटिव्हवरची शिसपेन्सिल हेच करायची. काय करायचं ते दिसावं म्हणून सगळ्यात वर एक ब्लॅक अँड व्हाइट लेयर तात्पुरता ठेवायचा: रंग गेला की उजेडाचे तुकडे उघडे पडतात. पेंटर डोळे किलकिले करतो ते इथं या लेयरनं होतं.

या टप्प्याला घड्याळ लावा. मोठ्या फ्रेमच्या फोटोला दहा मिनिटं, अल्बमच्या फोटोला तीन. हे काम कधीच आपणहून संपत नाही, आपण थांबवावं लागतं.

डोळे आणि दात यांना फार वेळ नको. डोळ्यातला पांढरा भाग पांढराशुभ्र केला की माणूस घाबरल्यासारखा दिसतो. दातांचा पिवळेपणा थोडा उतरवायचा, उजेड वाढवायचा नाही.

एका मागणीबद्दल स्पष्ट लिहायला हवं. "दादा, तेवढं जरा गोरं करा की." स्थळं बघायला काढलेल्या बायोडाटाच्या फोटोत तर हे ठरलेलंच. मी करत नाही आणि समोर बसवून का ते दाखवतो. एकाच फोटोच्या दोन प्रती उघडतो: एकीत कातडी दोन पायऱ्या गोरी, दुसरीत तिचाच सावळा रंग, पण चेहऱ्यावरचा उजेड नीट बसवलेला, डोळ्याखालची छाया उचललेली, गालाच्या हाडावर हलकी चमक. गोऱ्या प्रतीत हात आणि चेहरा वेगळ्या माणसांचे वाटतात, नाकाचा आकार सपाट होतो, नथीचं सोनं फिकट पडतं. बहुतेक जण दुसरी प्रत नेतात. ज्या मुलीचा फोटो आहे ती बहुधा गप्प बसलेली असते, आणि दुसरी प्रत उघडली की तिचा चेहरा खुलतो. सावळ्या रंगावर उजेड जितका सुंदर खेळतो तितका फार थोड्या गोष्टींवर खेळतो, आणि तो दाखवता येणं हेच आमच्या धंद्यातलं कसब.

मशीनला काय द्यायचं

जे प्रत्येक फोटोत तसंच्या तसं होतं ते मशीनला. रिकामा हीलिंग लेयर, दोन कर्व्ह्ज, त्यांचे काळे मास्क, वरचा ब्लॅक अँड व्हाइट लेयर, हे सगळं एका अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे नोंदवून ठेवलेल्या पायऱ्यांत, बांधून एका बटणावर ठेवा. शेवटी वेगवेगळ्या आकारांत जेपेग काढणं, शार्प करणं, नाव देणं, तेही बॅचमध्ये. मोबाइलवर आणि बहुतेक लॅबकडं जाणारी फाइल एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपद्धतीमध्ये.

एआयचं तसंच. कातडी निवडणं, पार्श्वभूमी वेगळी करणं, मास्क बनवणं ही कामं ते झटपट करतं, करू द्या. चेहऱ्याचे निर्णय देऊ नका. एका क्लिकमध्ये चेहरा 'सुंदर' करणाऱ्या साधनांनी तीळ उडवलेले, मुंडावळ्यांचे मोती गालात विरघळवलेले आणि साठीच्या आजीला तिच्या मुलीच्या वयाची केलेली मी पाहिली आहे. निवडणं मशीनचं, ठरवणं आपलं.

फाइल मिटण्याआधी फोटो आरशातल्यासारखा आडवा उलटवून बघा. ओळखीचा चेहरा उलटा झाला की चुका दिसतात. मग नखाएवढा लहान करून बघा. जमलं तर शेवटची नजर दुसऱ्या दिवशी सकाळी टाका, रात्री अकराला डोळे रंगाबद्दल खोटं सांगतात.

आणि लेयर एकत्र करू नका. पीएसडी, म्हणजे लेयरसकट असलेली फोटोशॉपची फाइल, तशीच ठेवा, रॉ तशीच ठेवा, तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि त्यातली एक दुसऱ्या घरात. हे मी नवीन असताना करत नव्हतो. तेव्हा पन्हाळ्याकडच्या एका गावातून एक गृहस्थ त्यांच्या वारलेल्या आईचा फोटो मोठा करून घ्यायला आले होते. फोटो आमच्याच स्टुडिओत काढलेला होता. मी मन लावून काम केलं, चेहरा स्वच्छ केला, लेयर मिटवले आणि मूळ फाइलवरच सेव्ह केलं. फ्रेम हातात घेऊन ते बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "आईच्या हनुवटीवरचं गोंदण कुठं गेलं ओ?" तीन हिरवट ठिपके होते. मला ते डाग वाटले होते. त्यांच्याकडच्या एका लग्नातल्या ग्रुप फोटोत ती मागच्या रांगेत होती. त्यात बघून मी ते ठिपके परत काढून दिले. फ्रेम त्यांनी नेली. मी काढलेले ठिपके सरळ रेषेत आले होते. आईचे थोडे तिरके होते.